डेटा: ‘ते’ की ‘तो’?

अंतराळयानावर नव्यानं रुजू झालेल्या डॉक्टरीणबाई एका अधिकाऱ्याला ‘डाटा’ म्हणून हाक मारतात. तो मान जराशी कलती करून त्यांच्याकडे बघतो आणि नाव दुरुस्त करतो: ‘डेटा’. बाईंना नवल वाटतं. काय फरक पडतो? तो शांतपणे सांगतो की, एक माझं नाव आहे, दुसरं नाही.

मोबाइलचा ‘डाटा’ संपला की ‘डेटा’ संपला, यावरून आपल्याकडे कुणी वाद घालत नाही. पण कुलकर्णी आडनावाच्या गृहस्थांना प्रत्येक पत्रावर ‘कुळकर्णी’ लिहून येऊ लागलं, तर ते कधी ना कधी दुरुस्त करून घेतातच. नाव वस्तूलाही असतं, मात्र त्या नावावर हक्क सांगायला माणूस लागतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकेत टीव्हीवर दिसलेल्या या काही सेकंदांच्या प्रसंगात एका यंत्रानं तो हक्क सांगितला, आणि तोही आवाज न चढवता.

मालिका होती ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’. सप्टेंबर १९८७ ते मे १९९४ अशी सात पर्वं ती चालली. काळ चोविसाव्या शतकातला, यानाचं नाव एंटरप्राइझ, कप्तान जाँ-लूक पिकार्ड, म्हणजे ब्रिटिश रंगभूमीवरून आलेले पॅट्रिक स्ट्युअर्ट. आणि यानाच्या सुकाणूजवळ बसलेला, पिवळ्या डोळ्यांचा, फिकट सोनेरी कातडीचा लेफ्टनंट कमांडर डेटा. डॉ. नूनियन सूंग नावाच्या एकांड्या शास्त्रज्ञानं तो घडवला. पुढे वस्ती उद्ध्वस्त झालेल्या एका ग्रहावर तो स्टारफ्लीट या अंतराळदलाच्या लोकांना सापडला. त्यानं स्टारफ्लीटच्या अकादमीत रीतसर शिक्षण घेतलं, बढत्या मिळवल्या. त्याचं बळ आणि बुद्धी दोन्ही माणसांहून कितीतरी जास्त आहे, पण भावना नाहीत. त्याची इच्छा एकच आहे, माणसासारखं व्हायचं.

मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्या डोक्यात हे पात्र बरीच वर्षं घोळत होतं. १९७४ मध्ये त्यांनी ‘द क्वेस्टर टेप्स’ हा दूरचित्रपट केला होता. आपल्या निर्मात्याचा शोध घेणारा यंत्रमानव त्याचा नायक होता. त्याची मालिका होऊ शकली नाही, पण कल्पना टिकली. डेटाच्या डोक्यातला ‘पॉझिट्रॉनिक’ मेंदू मात्र आयझॅक असिमॉव्ह यांच्याकडून आला. पॉझिट्रॉन हा कण १९३२ मध्ये सापडला. काही वर्षांनी रोबोंच्या कथा लिहायला बसलेल्या तरुण असिमॉव्हना ते नवं, चमकदार नाव आवडलं आणि त्यांनी ते आपल्या रोबोंच्या मेंदूला देऊन टाकलं. त्यामागे विज्ञान फारसं नव्हतं, पण नाव असं बसलं की पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या मालिकेतही तेच वापरलं गेलं.

पडद्यावरच्या बुद्धिमान यंत्रांचा तोपर्यंतचा लौकिक काही बरा नव्हता. १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटातला हॅल हा संगणक आपल्याच अंतराळवीरांच्या जिवावर उठतो. खुद्द जुन्या ‘स्टार ट्रेक’मध्येही कप्तान कर्क एकामागून एक गर्विष्ठ संगणकांना तर्काच्या कोंडीत पकडून नष्ट करताना दिसतो. यंत्र बोलू लागलं की ते शत्रू, हे जवळपास ठरलेलंच. डेटा आला तो थेट सहकाऱ्यांच्या पंगतीत. त्याला हरवायचं नव्हतं, त्याच्यासोबत रोज काम करायचं होतं. मालिकेची खरी नवलाई इथे आहे.

ही भूमिका केली ब्रेंट स्पायनर यांनी. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात जन्मलेले स्पायनर न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर संगीतनाटकांत काम करून आले होते. रोज तोंडाला सोनेरी रंग, डोळ्यांत पिवळी भिंगं आणि चेहऱ्यावर भावना दाखवायला मनाई, अशा अटींत त्यांना सात वर्षं काढायची होती. त्यांनी एक सूक्ष्म भाषा तयार केली. मान पक्ष्यासारखी किंचित तिरकी होते, नजर क्षणभर दूर जाते, उत्तर अर्ध्या सेकंदानं उशिरा येतं. प्रेक्षकाला वाटतं, आत काहीतरी चाललंय. डेटाचा दुष्ट भाऊ लोर आणि म्हातारा डॉ. सूंग यांच्याही भूमिका स्पायनर यांनीच केल्या. १९९० च्या ‘ब्रदर्स’ या भागात तर हे तिघं एकाच खोलीत आहेत, आणि तीन वेगळी माणसं बघतोय याबद्दल बघणाऱ्याला शंकाही येत नाही.

डेटाच्या बोलण्यात एक खोड होती. इंग्रजीत दोन शब्द जोडून जी आखूड रूपं बोलली जातात, ती त्याला जमत नसत. मराठीत कल्पना करायची तर जन्मात कधी ‘जातोय’ न म्हणता दर वेळी ‘जात आहे’ म्हणणारा, ‘केलं’च्या जागी ‘केले’च उच्चारणारा माणूस. चुकीचं काहीच नाही, पण चहाच्या टपरीवर असं कुणी बोलू लागलं तर चार जण वळून बघतील.

या पात्राचा कस लागला तो १३ फेब्रुवारी १९८९ रोजी दाखवलेल्या ‘द मेझर ऑफ अ मॅन’ या भागात. नावाचा अर्थ माणसाचं माप. लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास पूर्वी वकिली करत. विज्ञानकथा लिहिण्यासाठी त्यांनी ती सोडली होती आणि कुणी न सांगता एक पटकथा लिहून मालिकेकडे धाडली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल त्यांच्या नजरेसमोर होता. ड्रेड स्कॉट या गुलामानं स्वातंत्र्यासाठी दावा लावला, आणि काळा माणूस अमेरिकेचा नागरिकच होऊ शकत नाही, असं सांगून न्यायालयानं तो फेटाळला होता.

गोष्ट साधी आहे. ब्रूस मॅडॉक्स नावाचा संशोधक अधिकारी येतो. त्याला डेटा उघडून, सुटा करून अभ्यासायचा आहे, म्हणजे तसे हजारो बनवता येतील. डेटा नकार देतो. माझ्या आठवणींमधली माहिती तुम्ही उतरवून घ्याल, पण त्या आठवणींची चव उरेल याची खात्री नाही, असं त्याचं म्हणणं. आदेश टळत नाही म्हटल्यावर तो नोकरीचा राजीनामा देतो. मॅडॉक्स म्हणतो, राजीनामा कसला? यानाचा संगणक कधी राजीनामा देतो का? हे स्टारफ्लीटच्या मालकीचं यंत्र आहे.

डेटाचा एक युक्तिवाद इथे थांबून ऐकण्यासारखा आहे. त्याचा जिवलग मित्र, अभियंता जॉर्डी, जन्मांध आहे आणि डोळ्यांवर बसवलेल्या उपकरणामुळे त्याला निरोगी डोळ्यांहून जास्त दिसतं. मग सगळ्याच माणसांचे डोळे काढून ती उपकरणं का बसवत नाही, असं डेटा कप्तानाला विचारतो. कप्तान गप्प. डेटाच्या लक्षात येतं की हा नियम फक्त जो माणूस नाही त्याच्यासाठी आहे.

निरोपसमारंभाचं छोटं दृश्यही विसरता येत नाही. मिळालेल्या भेटीवरचा कागद डेटा अगदी जपून, कुठेही न फाटू देता उलगडत असतो. फाडायचा असतो रे, असं एक मुलगा त्याला सांगतो. डेटा म्हणतो, मग तो पुन्हा वापरता येणार नाही. लग्नामुंजीतल्या भेटींचे कागद घडी घालून गादीखाली ठेवणाऱ्या घरांत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला तो यंत्रमानव त्या क्षणी एकदम घरातला वाटेल.

मग खटला उभा राहतो. खटला चालणार तो अंतराळतळ नवा आहे, न्यायाधिकारी फिलिपा लुव्हॉय यांच्या हाताखाली माणसं नाहीत. त्यामुळे नियमानुसार कप्तान पिकार्ड बचावाचे वकील, आणि डेटाचा मित्र विल रायकर विरोधातला वकील. रायकरनं नकार दिला किंवा काम अर्धवट केलं, तर निकाल लगेच डेटाच्या विरोधात. म्हणजे मित्राला वाचवायचं, तर त्याच्याविरुद्ध जीव तोडून लढायचं. रायकर रात्री डेटाचे आराखडे चाळत बसतो आणि त्याला बंद करण्याचं बटण सापडतं. चेहऱ्यावर विजयाचं हसू उमटतं आणि लगेच विरून जातं. रायकर झालेल्या जोनाथन फ्रेक्स यांनी हा क्षण एकही शब्द न बोलता असा केलाय की, पूर्ण भागातली सगळ्यात वेदनादायक जागा तीच ठरावी. दुसऱ्या दिवशी कोर्टात तो डेटाचा हात मनगटातून काढून दाखवतो आणि ते बटण दाबतो. डेटा टेबलावर कोसळतो.

खचलेला पिकार्ड यानातल्या उपाहारगृहात गायननकडे जातो. ही भूमिका व्हूपी गोल्डबर्ग यांची. लहानपणी जुन्या ‘स्टार ट्रेक’मध्ये निशेल निकल्स यांना अधिकाऱ्याच्या भूमिकेत बघून हरखून गेलेली ही कृष्णवर्णीय अभिनेत्री स्वतःहून या मालिकेत आली होती. गायनन त्याला हळूच आठवण करून देते की, घाणेरडी, धोक्याची कामं करायला, वापरून टाकून द्यायला प्रत्येक जगात कुणी ना कुणी ठेवलेलं असतं. हजारो डेटा बनवले तर त्यांचं काय होईल? पिकार्डला शब्द सापडतो: गुलामी. हा शब्द गोल्डबर्ग यांच्यासमोर उच्चारला जातो म्हणूनच त्याला वजन येतं. तो शब्द उच्चारल्यावर यंत्रांचा विषय मागे पडतो.

कोर्टात पिकार्ड डेटाच्या सामानातल्या वस्तू काढतो. पदकं, भेट मिळालेलं पुस्तक, आणि वारलेल्या एका सहकारी स्त्रीची प्रतिमा. हे का बांधून घेतलंस? डेटाला धड कारण सांगता येत नाही, फक्त जवळ असावं असं वाटलं. नंतर पिकार्ड मॅडॉक्सला विचारतो, जाणीव असण्यासाठी काय लागतं? बुद्धी, स्वतःचं भान आणि चेतना. पहिल्या दोन गोष्टी तर डेटात उघड दिसतात. तिसरी? ती थोडीशी जरी त्याच्यात असली तर तो कोण ठरतो, असं पिकार्ड विचारतो, आणि मॅडॉक्सला उत्तर देता येत नाही.

लुव्हॉय यांचा निकाल सावध आहे. डेटाला आत्मा आहे का, हे मला ठाऊक नाही, मला स्वतःला आहे का हेही ठाऊक नाही, पण तो कुणाची मालमत्ता नाही आणि निवडीचं स्वातंत्र्य त्याला आहे. पुढे डेटाबद्दल बोलताना मॅडॉक्स नकळत सर्वनाम बदलतो. आधी तो इंग्रजीतलं निर्जीव वस्तूंचं सर्वनाम वापरत होता, आता माणसाचं वापरतो. मराठीत ‘ते’चा ‘तो’ झाला. लुव्हॉय हे त्याच्या ध्यानात आणून देतात. शेवटी डेटा रायकरकडे जातो आणि त्याला दोष देण्याऐवजी आभार मानतो, कारण स्वतःला जखमी करून घेऊन रायकरनं त्याला वाचवलं होतं.

भारतीय वाचकाला हा खटला तितका परका वाटू नये. आपल्या कायद्यात देवळातली मूर्ती ‘विधिक व्यक्ती’ असते. तिच्या नावावर जमीन असते, ती खटला लढू शकते. कंपनीही तशीच व्यक्ती. २०१७ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं गंगा-यमुनेलाही असा दर्जा दिला, त्याला पुढे सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. म्हणजे माणूस नसलेल्याला ‘व्यक्ती’ मानण्याची आपल्याला सवय आहे. पण मूर्ती कायद्याच्या लेखी कायमची अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, समजली जाते, तिच्या वतीनं दुसरं कुणी बोलतं. डेटा उभा राहून स्वतःच ‘नाही’ म्हणाला. कायद्याला अवघड जातो तो हा नकार.

मालिकेतल्या त्या सुनावणीत डेटाची तांत्रिक मापंही सांगितली जातात. स्मरणशक्ती ८०० क्वाड्रिलियन बिट, म्हणजे साधारण एक लाख टेराबाइट. वेग सेकंदाला ६० ट्रिलियन क्रिया, म्हणजे ६० लाख कोटी. १९८९ मध्ये जगातले सर्वोत्तम महासंगणक सेकंदाला काही अब्ज क्रियांपर्यंत पोहोचले होते, त्यामुळे लेखकांना हा आकडा चोविसाव्या शतकाला शोभेसा वाटला. आज व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या घरच्या संगणकात बसणारी महागडी ग्राफिक्स कार्डं या वेगाला मागे टाकतात.

पण वेगापेक्षाही भाषेच्या बाबतीत झालेली उलथापालथ विलक्षण आहे. डेटाला गणित चुटकीसरशी येई, विनोद मात्र कळत नसे. एका भागात तो विनोद शिकायला चक्क एका आभासी विनोदवीराची शिकवणी लावतो. आपल्या मांजरावर तो कविता करतो, ती छंदात चोख असते आणि ऐकणाऱ्यांना पेंग येते. गप्पा, कोट्या, आखूड रूपं हे यंत्राला सगळ्यात शेवटी जमेल, अशी त्या लेखकांची अटकळ होती. प्रत्यक्षात आजच्या भाषायंत्रांना सैल, आपुलकीचं बोलणं आधी जमलं, आणि साध्या बेरजेत किंवा तपशिलात ती ठामपणे चुकू शकतात. डेटा याच्या अगदी उलट. मला भावना नाहीत, असं तो विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत आला. समोरच्याला बरं वाटावं म्हणून त्यानं हा खुलासा कधी गाळला नाही. आज त्याच्यातला हा प्रामाणिकपणा त्याच्या वेगाहून जास्त मोलाचा वाटतो.

डिसेंबर १९८८ च्या ‘एलिमेंटरी, डियर डेटा’ या भागात तर लेखकांनी आजचीच अडचण रंगवून ठेवली होती. एका आभासी खेळात डेटा शेरलॉक होम्स झालाय आणि गोष्टी पाठ असल्यानं प्रत्येक रहस्य क्षणात सोडवतोय. वैतागलेला जॉर्डी यानाच्या संगणकाला आज्ञा देतो की, डेटाला हरवू शकेल असा प्रतिस्पर्धी तयार कर. त्याला म्हणायचं होतं, होम्सला हरवेल असा. संगणक आज्ञा शब्दशः पाळतो आणि होम्सचा वैरी प्राध्यापक मोरियार्टी स्वतःच्या अस्तित्वाचं भान देऊन जन्माला घालतो. यंत्राला नेमकं काय हवंय ते सांगणं किती कठीण आहे, हे यापेक्षा नेटकं क्वचितच कुणी दाखवलं असेल.

मॅडॉक्सचं पुढे काय झालं? जानेवारी १९९१ च्या ‘डेटाज डे’ या भागाची चौकट एका पत्राची आहे. डेटा आपल्या एका दिवसाची हकीकत कुणाला तरी लिहून कळवतोय, आणि तो कुणी म्हणजे मॅडॉक्सच. ज्यानं आपल्याला सुटं करायचं ठरवलं होतं, त्याला तो निवांतपणे आपलं आयुष्य समजावून सांगतो. त्या दिवशी यानावर लग्न आहे. नवरी केको ऐनवेळी लग्न मोडते आणि निरोप पोचवायचं काम डेटाकडे येतं. केको आता आनंदात आहे, म्हणजे ही चांगली बातमी, असा हिशेब करून तो नवरदेवाला ती तशीच सांगतो. पुढे लग्न लागतं, आणि नवरीच्या बापाच्या जागी उभा राहतो तो डेटाच.

नंतरच्या चित्रपटांत डेटाला भावना देणारी चकती बसवली गेली. १९९४ च्या ‘जनरेशन्स’मध्ये तो खदाखदा हसतो, घाबरतो, रडतो. खरं सांगायचं तर त्यानं पात्र थोडं लहान झालं. भावना नसतानाही तो ज्या काळजीनं वागत होता, तीच तर बघायची होती. २००२ च्या ‘नेमेसिस’मध्ये पिकार्डला वाचवताना तो नष्ट होतो. ‘स्टार ट्रेक: पिकार्ड’ या मालिकेत २०२० साली त्याची उरलेली जाणीव भेटते, आणि ती बंद करावी अशी विनंती तो स्वतःच करतो. आयुष्याला शेवट हवा, असं त्याचं म्हणणं असतं. मधल्या काळात, २००८ मध्ये, पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या रोबो सन्मानदालनात खऱ्याखुऱ्या रोबोंच्या बरोबरीनं त्याचं नाव दाखल झालं.

मार्च १९९० चा ‘द ऑफस्प्रिंग’ हा भाग मात्र सगळ्यांहून वेगळा. डेटा कुणालाही न विचारता स्वतःचं मूल घडवतो आणि त्याचं नाव ठेवतो ‘लाल’. हिंदीत याचा अर्थ लाडकं, असं तोच सांगतो. मराठी कानाला ‘लाल’ म्हणजे आधी रंग, पण हिंदी सिनेमातल्या आयांनी ‘मेरे लाल’ इतक्यांदा म्हटलंय की अर्थ उलगडायला वेळ लागत नाही. सुरुवातीला त्या मुलाला ना चेहरा, ना लिंग. मराठीत अशा वेळी ‘ते लेकरू’ म्हणता येतं, आणि त्या ‘ते’मध्ये मायाच असते. मॅडॉक्सच्या तोंडचं निर्जीव सर्वनाम आणि हे ‘ते’, दोहोंत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मग लाल हजारो रूपं पाहून निवड करते आणि ‘ती’ होते. एक दिवस ती बोलता बोलता सहज आखूड रूप वापरते, जे बापाला कधी जमलं नव्हतं. डेटा ते टिपून ठेवतो.

तिला बापापासून तोडून प्रयोगशाळेत न्यायला एक वरिष्ठ अधिकारी येतो. त्या धास्तीनं लालला पहिल्यांदा भीती वाटते, खरीखुरी भीती, आणि तिचा मेंदू कोसळू लागतो. तोच अधिकारी डेटाच्या मदतीला बसतो. बाहेर येतो तेव्हा त्याचा आवाज फुटत नाही. डेटाचे हात कसे नजरेला दिसणार नाहीत इतक्या वेगानं चालत होते, तेवढंच तो सांगत राहतो. आत लाल बापाला सांगते की तिचं त्याच्यावर प्रेम आहे. डेटा म्हणतो, मला ते अनुभवता आलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणते, दोघांच्या वाट्याचं मीच अनुभवीन.

ती गेल्यावर सगळे सांत्वनाला जमतात. तिच्या आठवणी मी माझ्यात उतरवून घेतल्या आहेत, असं डेटा त्यांना सांगतो. मग तो आपल्या खुर्चीत जाऊन बसतो, समोरच्या फलकावर बोटं ठेवतो आणि यान पुढच्या मार्गाला लावतो.